बाजा ऐकायला पुण्याला

दारव्ह्याहून पुण्याला जाणारी ट्रॅव्हल्स दुपारी बसस्टँडसमोर लागते आणि ड्रायव्हरचा दुसरा चहा झाला की निघते. त्या दिवशी गाडीत बहुतेक पोरंच होती. कुणी हिंजवडीला, कुणी चाकणला, दिवाळीची सुटी संपवून कामावर परत चाललेली. एक बाई लेकीच्या बाळंतपणाला निघाली होती, मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा. शेजारच्या पोरानं मला विचारलं, "काका, तुमी कायले चालले पुण्याले? दवाखाना का?"

"नाही बापा. बाजा ऐकाले."

त्यानं कानातली वायर काढून माझ्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा घातली. माझ्या बायकोनं, कमलनं, घरातून निघताना हेच वेगळ्या शब्दांत विचारलं होतं. "जन्मभर वाजवला तो पुरला नाही काय?" मी तिला म्हणालो, वाजवणाऱ्याला ऐकू येत नाही. तिनं शेंगदाण्याच्या चटणीची पुडी पिशवीत कोंबली आणि म्हणाली, "पोरीले द्या. अन् गर्दीत जाऊ नका."

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या तालुक्यात तीस वर्षं मी लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं. आमच्याकडे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन असं काही नसतं, सगळाच बाजा, आणि आम्ही बाजेवाले. वरातीच्या पुढे लाल कोट घालून चालायचं, मांडवाच्या दारात शेवटचं गाणं वाजवायचं आणि शेवटच्या पंगतीला जेवायचं. मग डीजेचे डबे आले. बँड हळूहळू तुटत गेला. तो पुरता तुटायच्या आत माझे दात तुटले. एका लग्नाहून परत येताना आमचा मॅटॅडोर खड्ड्यात गेला, मी मागच्या फाळक्यावरून तोंडावर पडलो आणि वरचे पुढचे सगळे दात रस्त्यावर राहिले. कवळी बसवली. कवळी घालून जेवता येतं, बोलता येतं, पण ट्रम्पेट वाजत नाही. ओठ दाबून फुंकलं की कवळी उचलते आणि हवा बाजूनं निसटते. सूर येत नाही, नुसती वाफ येते. दोन महिने घरामागे उभा राहून प्रयत्न केला. मग शाळेजवळ झेरॉक्सचं दुकान टाकलं.

आमची शुभांगी पुण्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. एका दिवाळीला तिनं तिचा जुना मोबाइल मला दिला, त्यात गाणी भरून. त्यात हे स्का होतं. स्का म्हणजे जमेका नावाच्या बेटावर जन्मलेलं संगीत. तिथले लोक कामासाठी इंग्लंडला गेले आणि त्यांच्याबरोबर तेही गेलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसलो. आपण चालताना पाऊल जिथं टेकवतो तिथं ठोका नाहीच. पाऊल जिथं उचलतो तिथं ठोका. ऐकताना वाटतं, आता पडणार, आता पडणार, आणि पडत तर कुणीच नाही. आणि त्यावर तीन-चार बाजे एकदम, अशा खुशीत, की आमच्या वरातीत घोडीसुद्धा नाचली असती. पाच वर्षं दुपारच्या वेळी दुकानात बसून मी तेच ऐकत आलो. शब्द एक कळला नाही. बाज्याची मात्र प्रत्येक ओळ पाठ झाली.

त्यातला एक बँड पुण्याला येणार असं शुभांगीनं फोनवर सांगितलं. नाव इथं लिहीत नाही, कारण मला त्याचा उच्चार आजही जमत नाही. पण ती पुढे सहज म्हणाली, "बाबा, त्यांचा एक ट्रम्पेटवाला पासष्टीचा आहे. त्यालाही कवळी आहे म्हणे. कुठंतरी मुलाखतीत वाचलं."

मी दुकानाच्या फळीवर बसलो. कवळी आहे आणि वाजवतो. याचा अर्थ काहीतरी युक्ती असणार. कुठला डॉक्टर, कुठला डिंक, कुठला व्यायाम. मला त्या माणसाला एकच गोष्ट विचारायची होती, कसं? तेवढ्यासाठी मी पुण्याला निघालो होतो. बसमधल्या पोराला हे सांगितलं नाही.

सकाळी डोळे उघडले तेव्हा गाडी वाघोली मागे टाकून शहरात शिरत होती. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती. उन्हं नुकती वर आली होती आणि एका इमारतीच्या काचांवरून दुसरीवर सांडत होती. मधेच एखादं शेत, त्यात दोन म्हशी, आणि शेताच्या बांधावर फलक, फ्लॅट विक्रीसाठी. गाडीतली पोरं एकेक उतरत होती. उतरताना आमच्यासारखी बोलत होती, आणि खाली उतरून मोबाइल कानाला लावला की वेगळी बोलत होती.

स्टेशनजवळ उतरलो. एक मुलगी स्कूटरवर बसलेली, तोंडाला ओढणी गुंडाळलेली, नुसते डोळे उघडे, हातात कोपरापर्यंत मोजे. ती माझ्याकडे पाहून हात हलवू लागली. मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला करते आहे म्हणून.

"बाबा! अहो, मीच!"

पुण्यात सगळ्या पोरी धुरामुळे अशाच फिरतात. बाप ओळखत नाही हे मात्र त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही.

शुभांगी कोथरूडला एका सोसायटीत दोन मैत्रिणींबरोबर राहते. जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. पांढरा लेंगा, हातात दुधाची पिशवी.

"आपण वडील का?"

"हो."

"किती दिवस?"

"उद्या संध्याकाळी निघतो."

"छान. बाकीचे पाहुणेसुद्धा असंच आधी सांगतात," असं म्हणून ते वर गेले. शुभांगी हळूच म्हणाली, "बाबा, ते तुमच्यावर खूश झालेत. नाहीतर बोललेच नसते."

आंघोळ करून आम्ही मिसळ खायला गेलो. इथल्या मिसळीत पोहे निघतात आणि मग आत एक गोडसर चव. चव चांगली होती. मी हळूच कमलची चटणी काढून वर टाकली. पलीकडच्या टेबलावरचे एक आजोबा ते पाहत होते. म्हणाले, "अहो, इथं तिखट मागितलं तर देतात." मी म्हणालो, "मागून पाहिलं, हेच दिलं." ते हसले नाहीत, पण त्यांनी ताट पुढे केलं आणि चिमूटभर चटणी मागून घेतली.

कार्यक्रम दुपारनंतर होता. मधे वेळ होता म्हणून शुभांगीनं शनिवार पेठ दाखवायला नेलं. अरुंद रस्ते, जुन्या लाकडी गॅलऱ्या, खाली दुकानं, आणि दर वळणावर अमृततुल्य (चहाचं छोटं दुकान). एका बोळाच्या तोंडाशी वाद्यांचं दुकान होतं. काचेआड तबले, पेट्या आणि मधोमध एक ट्रम्पेट, पिवळंजर्द, मखमलीवर ठेवलेलं. मी थांबलो. शुभांगी दोन पावलं पुढे जाऊन परत आली.

मी आत गेलो. दुकानदारानं वर्तमानपत्र खाली केलं नाही.

"घ्यायचंय की बघायचंय?"

"बघायचं होतं."

"मग बाहेरून बघा. तिथून जास्त छान दिसतं."

मी बाहेर आलो. खरंच छान दिसत होतं. काचेत माझा चेहरा आणि त्याच्या मधोमध ते ट्रम्पेट. माझा उजवा हात धोतराच्या सोग्याशी होता आणि तीन बोटं आपोआप खालीवर होत होती. शुभांगीनं ते पाहिलं असावं. ती म्हणाली, "चला बाबा, उशीर होईल," आणि रस्ता ओलांडताना तिनं माझा हात धरला तो पलीकडे गेल्यावरही सोडला नाही.

मैदान मुंढव्याच्या पुढे, नदीच्या बाजूला होतं. फाटकावर ही मोठी रांग. पोरांच्या डोक्यावर काळ्या छोट्या टोप्या, अंगात काळ्यापांढऱ्या चौकटींचे शर्ट, पोरींचेही तसेच. शुभांगीनंही तसाच एक शर्ट घातला होता. माझ्या डोक्यावर पांढरी टोपी आणि अंगात काळा कोट, तेव्हा रंगात मी फारसा चुकलो नव्हतो. मागून कुणीतरी म्हणालंही, "काका, फुल स्टाइल!"

फाटकावरच्या रखवालदारानं माझा खिसा चाचपला आणि अडकित्ता बाहेर काढला.

"ये क्या है?"

"सुपारी कातरायचा आहे."

त्यानं तो उघडून पाहिला, मिटून पाहिला, मग आपल्या साहेबाला दाखवला. साहेबानं अडकित्ता ठेवून घेतला आणि सुपारी परत दिली. आता तिचं काय करायचं, ती तशीच गालात ठेवली.

आत शिरल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल, तर नवरदेव शोधला. हसू नका. तीस वर्षांची सवय आहे. जिथं बाजा आहे, तिथं कुणीतरी घोडीवर असतोच, आणि सगळे त्याच्याकडे तोंड करून असतात. बाजेवाल्याकडे पाठ. आम्ही कोण, आमची नावं काय, कुणाला ठाऊक नसायचं. इथं हजारो पोरं होती आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला होती. त्या बाजूला एक मोकळं स्टेज आणि त्यावर स्टँडला टेकवलेले चार बाजे. एवढंच. 

मग बँड आला. ड्रम, गिटारी, पेटीसारखं एक इलेक्ट्रिकचं वाद्य, गाणारा एक किडकिडीत माणूस. आणि उजव्या कोपऱ्यात बाजेवाले. सॅक्सोफोनवाला टकलू, ट्रॉम्बोनवाला उंच, ट्रम्पेट घेऊन एक तांबड्या केसांची तरुण बाई, आणि तिच्या शेजारी दुसरं ट्रम्पेट घेऊन तो. काळासावळा, जाडसर, दाढी पिकलेली, डोक्यावर तीच काळी टोपी. शुभांगी माझ्या कानात ओरडली, "तोच! वॉल्टर!"

पहिल्या गाण्याला जमीन हलली. मी हे शोभेसाठी लिहीत नाही, पायाखालची माती खरंच उडत होती. पोरं एका जागी पळतात तशी गुडघे वर घेऊन नाचत होती. कोपरं लागत होती. कुणाच्या तरी ग्लासातलं काहीतरी माझ्या टोपीवर आलं. समोर गोल झाला आणि त्या गोलात पोरं एकमेकांवर छाती आपटू लागली, पडू लागली. पडलेल्याला दहा हात उचलत होते आणि परत आत ढकलत होते. शुभांगी माझ्यापुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली, म्हशीपुढे रेडकू उभं राहावं तशी.

"बाबा, मागे जाऊ या!"

"वरातीत यापेक्षा जास्त दारू पेलेले असतात," मी म्हणालो.

आणि तेवढ्यात माझ्या ओळखीचं गाणं सुरू झालं. दुकानात बसून हजार वेळा ऐकलेलं. बाज्याची ओळ आली आणि मी तोंडानंच म्हणू लागलो, पॅ-पॅ-परॅऽ, पॅ-पॅ. आजूबाजूच्या पोरांना शब्द येत होते, मला सूर. शेजारी भुवईत बाळी घातलेला एक आडदांड पोरगा होता. तो माझ्याकडे पाहून वाकला आणि माझ्याबरोबर पॅ-पॅ करू लागला. मग त्याचे दोस्त. पुढच्या ओळीला आम्ही सात-आठ जण होतो.

गोल फुटला आणि लाट आली. माझा पाय अडकला, उजवी चप्पल गेली आणि मी गुडघ्यावर पडलो. बाळीवाल्यानं मला बगलेत हात घालून उचललं.

"सरका बे, सरका! बुढा माणूस हाय!" तो ओरडला.

त्या ‘बे’वर मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठचा तू?"

"वणीचा, काका. तुमी?"

"दारव्हा."

त्यानं मला मिठीच मारली. नाव अंकुश. रात्रपाळीला अमेरिकन लोकांच्या बँकेचे फोन घेतो, तिथं त्याचं नाव अँडी आहे. माझ्या पायांकडे पाहत म्हणाला, "चप्पल गेली का? गेली तं गेली, माही बी गेली." मग त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी आमच्याभोवती कडं केलं आणि ते कडं तसंच नाचत, रेटत, हळूहळू स्टेजच्या कठड्याकडे सरकत गेलं. मी सांगितलं नव्हतं. पण मला कुठं जायचंय हे शुभांगीनं त्याला सांगितलं असावं.

कठड्यापासून दहा-बारा हात राहिलो असू. सूर्य इमारतींमागे गेला होता आणि स्टेजवर नुकते निळे दिवे लागले होते. तेवढ्यात सगळं बंद झालं. दिवे, गिटार, गाणाऱ्याचा आवाज. गाणारा तोंड हलवत होता आणि काही येत नव्हतं. जनरेटर बसला होता. पुण्याची पोरं "ओऽऽ" करून ओरडू लागली, शिट्ट्या, शिव्या. आमच्याकडे तेव्हा दिवसाचे कितीतरी तास भारनियमन असायचं, म्हणून मी आणि अंकुश एकमेकांकडे पाहून हसलो.

पण त्या ओरड्याखाली मला काहीतरी ऐकू आलं. बाजेवाले थांबलेच नव्हते. त्यांना वीज लागतच नाही. आधी सॅक्सोफोन, मग ती ट्रम्पेटवाली बाई, आणि मागे ड्रम. लांबून येणाऱ्या वरातीसारखं बारीक. पुढच्या रांगेतल्यांनी ओठांवर बोट ठेवलं, मग त्यांच्या मागच्यांनी, आणि एवढं मैदान हळूहळू गप्प झालं. बाजेवाले स्टेजच्या पायऱ्या उतरून खाली आले. सॅक्सोफोन आणि ट्रॉम्बोन गर्दीत शिरले, लोकांनी वाट दिली आणि त्या सरकण्यात आमचं कडं कठड्याला जाऊन टेकलं. ती तांबड्या केसांची बाई कठड्याशीच थांबली, आणि तिच्या शेजारी वॉल्टर.

ती वरच्या सुरावर गेली. तो सूर मी कसा सांगू? आपण घर बांधताना वरच्या माणसाकडे वीट फेकतो, ती हातात बसायच्या आत क्षणभर हवेत थांबते, तसा तो थांबला होता. एकेकाळी तिथं मी जायचो. डोळे मिटून जायचो. माझी कवळी तोंडात सैल झाली.

मग वॉल्टरनं ट्रम्पेट खाली घेतलं आणि रुमालानं ओठ पुसले. तो माझ्यापासून हातभर अंतरावर होता. अंकुशनं मला पुढे ढकललं.

"शुभांगी, विचार."

"आत्ता? बाबा, अहो, असं कसं विचारू? मला शब्द नाही सुचत."

तिला सुचत नव्हते म्हणून मी जे केलं ते ती मला जन्मभर ऐकवणार आहे. मी जिभेनं कवळी पुढे काढली, त्याला दाखवली आणि परत बसवली. मग ओठांवर मूठ धरून फुंकल्यासारखं केलं आणि हात पसरले. कसं?

वॉल्टर क्षणभर पाहत राहिला. मग पोट धरून हसला आणि त्यानंही आपली कवळी पुढे काढून दाखवली. कठड्याच्या दोन बाजूंना दोन म्हातारे, आणि शुभांगीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं.

हसणं संपल्यावर तो तिच्याशी बोलला आणि ती मला सांगत गेली. मी सांगतो ते तिच्या तोंडचं.

"म्हणतायत, पहिली दोन वर्षं काहीच नाही आलं. हवाच जायची. वाद्य माळ्यावर टाकलं आणि बस चालवायला लागले."

"मग?"

"मग बँडनं परत बोलावलं. यांनी सांगितलं, मला जमत नाही. ते म्हणाले, या तर खरं."

"पण युक्ती काय? डॉक्टर कोण?"

तिनं विचारलं. वॉल्टरनं मान हलवली. मग चार बोटं वर केली.

"युक्ती नाहीये, बाबा. ते म्हणतायत, आता मला फक्त चार सूर येतात. खालचे. तेवढेच वाजवतो. बाकी सगळं ही वाजवते." वॉल्टर त्या तांबड्या केसांच्या बाईकडे मान झुकवून दाखवत होता.

"आणि वरचे?"

शुभांगीनं विचारलं.  ती बाई पुन्हा वर चालली होती आणि तिचा सूर टेकेपर्यंत वॉल्टर थांबला.

"वरचे आता मी ऐकतो, म्हणतायत. तिच्या शेजारी उभं राहून. याहून चांगली जागा कुठली नाही."

 एवढ्या लांब युक्तीसाठी आलो होतो आणि युक्ती नव्हती. वर जायचा रस्ता त्यालाही बंदच होता. त्यानं माझ्या चेहऱ्यावर ते वाचलं असावं. टोपी काढून कपाळ पुसायचं होतं म्हणून की काय, त्यानं ट्रम्पेट कठड्यावरून माझ्याकडे दिलं. धरा जरा, अशा खुणेनं.

मी धरलं. ते गरम होतं.

दुकानातली ट्रम्पेटं थंड असतात. वाजवलेलं ट्रम्पेट गरम असतं, माणसाच्या श्वासानं आतून ऊन झालेलं, बकरीच्या पिल्लाच्या पोटासारखं. ही गोष्ट मी विसरलो होतो. दात गेले हे आठवत होतं, सूर गेले हे रोज आठवत होतं, पण ही ऊब गेली हे माझ्या ध्यानातच नव्हतं. माझी बोटं कळांवर बसली. मी तोंडाला लावलं नाही. तसंच छातीशी धरून उभा राहिलो आणि शेजारी ती बाई वाजवत होती.

मग दिवे लागले, मैदान ओरडलं, आणि वॉल्टरनं हात पुढे केला. ट्रम्पेट दिलं. जाताना त्यानं माझी टोपी बोटानं जराशी तिरकी केली आणि पायऱ्या चढून आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला, त्या बाईच्या डाव्या हाताला. पुढची सगळी गाणी मी त्याच्याकडेच पाहत होतो. चार सूर. बाकी वेळ ट्रम्पेट खाली, मान किंचित तिच्याकडे वळलेली.

पोलीस वेळेवर आले आणि कार्यक्रम वेळेवर संपला. फाटकावर अडकित्ता मिळाला. अंकुशनं रिक्षा थांबवून दिली आणि भाड्यावरून रिक्षावाल्याशी आमच्याच भाषेत भांडला.  नळस्टॉपजवळ शुभांगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला वाईट वाटलं ना? मी उगाच सांगितलं कवळीचं."

"नाही माय. बरं केलं."

"खरंच?"

बरं काय झालं, ते तेव्हा मलाच कळलं नव्हतं. तिचा चौकटीचा शर्ट घामानं आणि धुळीनं भरला होता. लहानपणी वरातीमागून चालत येताना ती अशीच दिसायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्या मैत्रिणीच्या भावाची चप्पल घालून मी निघालो. सेक्रेटरी जिन्यात भेटले. "निघालात? खरंच निघालात!" असं म्हणून त्यांनी माझी पिशवी फाटकापर्यंत आणून दिली.

परतीच्या वाटेवर झोप आली नाही. मला वाटत होतं, इतकी वर्षं माझा जीव ज्यासाठी तळमळतो ते वाजवणं आहे. पण त्या मैदानात वाजवणारा मी नव्हतो आणि तरी काही वेळ तळमळ थांबली होती. ती कशानं थांबली? बाजा रोजच कानात असतो, मोबाइलमध्ये. तो ऐकून तर ती वाढते. मग ध्यानात आलं, मोबाइलमध्ये शेजारी कुणी उभं नसतं. श्वास घेतल्याचा आवाज येत नाही. खांद्याला खांदा लागत नाही.

आमच्या बँडमध्ये माझ्या डाव्या हाताला उत्तम वाजवायचा. दुसरं ट्रम्पेट. मी वर जायचो आणि तो खाली राहायचा. बँड तुटल्यावर तो कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर रखवालदार झाला. एका गावात राहून आम्ही कितीतरी वर्षांत बोललो नव्हतो. भांडण नव्हतं. बोलायला विषय राहिला नव्हता.

घरी पोहोचल्यावर कमलला सगळं सांगितलं आणि दुपारी उत्तमकडे गेलो. तो स्टुलावर बसून शेंगा फोडत होता. त्यानं दुसरं स्टूल पुढे सरकवलं.

"कायले गेला होता पुण्याले?"

मी सुरुवातीपासून सांगितलं. मैदान, पोरं, बंद पडलेला जनरेटर, कवळ्या. कवळ्यांवर तो खूप हसला. मग वॉल्टर काय म्हणाला ते सांगितलं. चार सूर खालचे, आणि वरचे शेजारी उभं राहून ऐकायचे.

उत्तमचं शेंगा फोडणं थांबलं.

"तो काय नवीन सांगून राह्यला?" तो म्हणाला. "तीस वर्षं मी खालीच वाजवलं, तुह्या शेजारी. मले कोणी विचारलं का, वरचे सूर कसे ऐकू येतात म्हणून?"

मी त्याच्याकडे पाहिलं. खरंच, कधी विचारलं नव्हतं.

"कसे यायचे?"

"लय चांगले यायचे."

"तुहे दात तं शाबूत आहेत," मी म्हणालो. "तू काहून थांबला मंग?"

"तू थांबला ना. ऐकाले काय उरलं?"

कापसाची गाडी आली. तो उठला, फाटक ओढलं, ड्रायव्हरचं काय ते ऐकून घेतलं, गाडी आत घेतली. मी स्टुलावर बसून होतो. फाटक लावून तो परत आला, माझ्या शेजारी बसला, आणि आम्ही दोघं शेंगा फोडू लागलो, तो माझ्या डाव्या हाताला.